धुऱ्याची केस आन् कतारची नोकरी

या महिन्यात कोर्टकचेरीच्या पत्रांत बाहेरदेशी जाणाऱ्यांचीच पत्रं जास्त आली. तीन घेतोय. नावं, गावं कोणाचीच छापत नाही, तसं तिघांनीही सांगितलंच होतं.

प्रश्न : वकीलसाहेब नमस्कार. मी आर्वी तालुक्यातला, दहावी पास, आयटीआय इलेक्ट्रिशियन. २०१९ मध्ये पेरणीच्या टायमाले धुऱ्यावरून (वावराच्या बांधावरून) चुलत्यासंग भांडण झालं, काठ्या निघाल्या, चुलत्याच्या डोक्याले टाके पडले आन् मी, बाबा, मोठा भाऊ तिघांवर ३२४ (हत्यारानं दुखापत), ५०४ (मुद्दाम अपमान), ३४ (मिळून केलेला गुन्हा) लागली. जामीन त्याच दिवशी झाला, चार्जशीट गेली, पण केस अजून चालूच हाय, नुसत्या तारखा. चुलत्यासंग आता बोलचाल हाय, त्याच्या पोरीच्या लग्नात आमीच पंगत वाढली. आता कतारले काम भेटून रायलं. नागपूरचा एजंट म्हनते पासपोर्टच्या फॉर्मात केसचं लिहू नको, तिकडं कोन पायते. बाबा म्हनते लिहून टाक. काय करू? पासपोर्ट भेटते का नाही?

उत्तर : भाऊ, बाबांचं ऐका. फॉर्मात सरळ विचारलेलं असते की तुमच्यावर भारतातल्या फौजदारी कोर्टात केस चालू आहे का, आणि तुमची तर चार्जशीट गेली, कोर्टानं दखल घेतली, तारखा पडून राहिल्या, मग "नाही" कुठून लिहिणार? खोटं लिहिलं तर पासपोर्ट कायदा १९६७ चं कलम १२ आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. माहिती लपवून काढलेला पासपोर्ट कलम १० खाली जप्तही होतो, आणि ते तुम्ही तिकडं साईटवर असताना झालं तर काय हाल होतील ते विचारूच नका. मला तर वेगळीच गोष्ट खटकते. धुऱ्यावरची मारामारी ही रागातली गोष्ट, ती कोणत्याही साहेबाला समजावून सांगता येते. सरकारी फॉर्मात खोटं लिहिणं म्हणजे लबाडी, ती नाही समजावता येत. एजंटचं काय जाते, तुम्ही विमानात बसले की त्याचे पैसे वसूल. आणि व्हेरिफिकेशनला येणारा शिपाई तुमच्याच ठाण्याचा ना बाप्पा, त्याला तुमचा धुरा तुमच्याइतकाच माहीत असतो.

आता पासपोर्ट भेटते का, तर भेटते. कलम ६ म्हणते की कोर्टात फौजदारी केस चालू असेल तर पासपोर्ट नाकारावा, इथपर्यंत एजंट लोक सांगतात आणि घाबरवतात. पुढचं कोणी सांगत नाही. २५ ऑगस्ट १९९३ ची केंद्र सरकारची अधिसूचना आहे, तिच्यानुसार ज्या कोर्टात केस आहे त्या कोर्टानं परदेशी जायची परवानगी दिली तर पासपोर्ट देता येतो. म्हणजे तुमच्या वकिलानं आर्वीच्याच कोर्टात अर्ज टाकायचा, सोबत कंपनीचं ऑफर लेटर लावायचं, आणि अर्जात पासपोर्ट किती वर्षांचा पाहिजे ते आकड्यात मागायचं. हे मी दोनदा सांगतो कारण इथंच सगळे फसतात, वकील घाईघाईत "हरकत नाही" एवढ्या दोन ओळींचा आदेश घेतो, त्यात मुदत नसते, आणि कोर्टानं मुदत नाही लिहिली की त्या अधिसूचनेप्रमाणे पासपोर्ट एकाच वर्षाचा निघतो. बाहेरच्या देशाला साधारण सहा महिन्यांची मुदत शिल्लक पाहिजे असते, मग त्या एक वर्षाच्या पासपोर्टवर दोन वर्षांच्या करारावर कसे जाणार?

पासपोर्ट हातात आला म्हणजे केस संपली असं नाही, हे दुसरं. तुम्ही कतारमध्ये, पेशी आर्वीत. दोन-तीन तारखांना गैरहजर राहिले की आधी जामीनपात्र वॉरंट निघते, मग बिगरजामीन, मग तुमचं नाव फरार आरोपीत जाते, आणि सुट्टीवर घरी आलेल्या माणसाला स्वतःच्याच गावातून उचलून नेतात. म्हणून परदेशी जायच्या परवानगीसोबतच हजेरी माफीचा अर्जही टाका, वकिलामार्फत हजेरी लागेल आणि केस तुमच्या गैरहजेरीत चालायला हरकत नाही असं लेखी देऊन. बहुतेक न्यायाधीश नोकरीचं कारण खरं दिसलं की ऐकतात.

पण मला विचाराल तर हे सगळं मलमपट्टीचं काम झालं. चुलता तयार असेल तर केसच संपवा. लोक म्हणतील लोकअदालतीत जा आणि आपसात मिटवा. नुसती ५०४ असती तर मिटलीही असती, पण तुमच्यावर ३२४ आहे. ती पूर्वी कोर्टाच्या परवानगीनं आपसात मिटायची, २००९ च्या शेवटापासून ती सोय गेली. गुन्हा २०१९ चा, म्हणजे तुम्हाला जुनीच दंडसंहिता लागू, १ जुलै २०२४ पासून आलेली भारतीय न्याय संहिता नाही. मग रस्ता एकच, मुंबई हायकोर्टाचं नागपूर खंडपीठ. तिथं तुम्ही तिघांनी केस रद्द करायचा अर्ज टाकायचा आणि चुलत्यानं शपथपत्र द्यायचं की आमचं घरगुती मिटलं, माझी हरकत नाही. खासगी भांडणातल्या अशा केसेस हायकोर्ट रद्द करते, सुप्रीम कोर्टानं २०१२ च्या ग्यान सिंग निकालात तसं स्पष्ट म्हटलंय. खर्चाचं टेन्शन असेल तर घरचं वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असणाऱ्याला मोफत वकील मिळतो, तालुक्याच्या विधी सेवा समितीत आधी विचारा.

गावात अजून एक सल्ला मिळेल, की चुलत्याला कटघऱ्यात "मला कोणी मारलं आठवत नाही" म्हणायला लावा. असे फितूर होऊन सुटणारे मी रोज पाहतो. शपथेवर खोटं बोलायला लावणं मी कोणाला सांगणार नाही, त्यातही ज्या माणसानं एवढ्यातच तुमच्याशी नातं जोडलं त्याला तर नाहीच.

जाता जाता बाकीच्या वाचकांसाठी. नुसता एफआयआर झालाय, तपास चालू आहे, चार्जशीट गेली नाही, तर ती कोर्टातली प्रलंबित केस धरत नाहीत, परराष्ट्र मंत्रालयानं १० ऑक्टोबर २०१९ च्या पत्रकात हे साफ केलंय. एन.सी. (अदखलपात्र तक्रार) वाल्यांनी तर उगाच झोप उडवून घेऊ नये.

प्रश्न : सर, मी दारव्ह्याजवळचा शेतकरी. मुलगा पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये आहे, कंपनी कॅनडाला पाठवणार. २०१७ ला पोळ्याच्या दिवशी पोरं पारामागं पत्ते खेळत होती, पोलिसांची धाड पडली, जुगार कायद्याचं १२ (अ) लावलं. कोर्टात सगळ्यांनी एका दिवसात तीनशे तीनशे रुपये दंड भरला आणि मिटलं. आता फॉर्ममध्ये विचारतात की तुम्हाला कधी शिक्षा झाली का. दंड भरून मिटलं म्हणजे शिक्षा थोडीच झाली? "नाही" लिहिलं तर चालेल ना?

उत्तर : काका, नाही चालणार. आणि तुमच्यासारखे शेकडो लोक याच समजुतीत आहेत, त्यात तुमची चूक नाही, त्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात कोणीतरी सांगितलेलं असते की कबूल करा, दंड भरा, मोकळे व्हा, कशाला तारखा करता. खरं असं आहे की गुन्हा कबूल करून दंड भरला म्हणजे कोर्टानं दोषी ठरवलं. दंड ही शिक्षाच. फिर्यादीशी तडजोड होऊन केस मिटते तिचा अर्थ उलटा, कायद्यानं ती निर्दोष सुटल्यासारखीच. दोन्हीला गावात "मिटलं"च म्हणतात म्हणून घोळ होतो. कबुली दिल्यावर अपिलाचाही रस्ता जवळजवळ बंद असतो. त्याच दिवशी कोणी १९५८ च्या परिवीक्षा (प्रोबेशन) कायद्याखाली समज देऊन सोडायची विनंती केली असती तर दोषी ठरल्यामुळे येणारी अपात्रता टळली असती, पण तीनशे रुपयांच्या केसमध्ये एवढा विचार कोण करते.

पासपोर्टला काहीच धोका नाही. तिथला प्रश्न मागच्या पाच वर्षांत दोन वर्षं किंवा जास्त कैद झाली का असा असतो, तिथं मुलानं "नाही" लिहायचं आणि ते खरंच आहे. व्हिसाच्या फॉर्ममधला प्रश्न मोठा असतो, "कधीही", "कोणत्याही देशात", कधी कधी नुसती अटक झाली का तेही. त्यामुळं प्रत्येक फॉर्मचा प्रश्न शब्द न् शब्द वाचायचा आणि विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्यायचं, कमी नाही आणि जास्तही नाही.

कॅनडावाले आपल्याकडे कोणतं कलम लागलं यावर थांबत नाहीत, तीच गोष्ट त्यांच्या कायद्यात किती मोठा गुन्हा होते ते पाहतात. पोळ्याचे पत्ते आणि तीनशे रुपये दंड यावर गाडी अडायची शक्यता मला फार कमी वाटते. लपवलं आणि सापडलं तर मात्र चुकीची माहिती दिल्याबद्दल पाच वर्षं प्रवेशबंदी. इंग्लंड, ऑस्ट्रेलियातही मोठी अडचण बारा महिने किंवा जास्त कैद झालेल्यांना असते, तीनशे रुपयेवाल्यांना नाही. आपल्याकडे जुनी शिक्षा काही वर्षांनी आपोआप पुसली जाईल असा सर्वसाधारण कायदा नाही, अठरा वर्षांखालच्या मुलांना बाल न्याय कायद्यात ते संरक्षण आहे. मुलगा तेव्हा सतराचा वगैरे असेल तर पुन्हा लिहा, मग सगळंच बदलते.

आता काम एवढंच, दारव्ह्याच्या कोर्टात जाऊन निकालाची प्रमाणित नक्कल काढा आणि दंडाची पावती घरात कुठं असेल तर शोधा. एवढ्या छोट्या केसचं रेकॉर्ड नष्ट झालं असेल तर तसं कोर्टाकडून लेखी घ्या. त्याचं इंग्रजी भाषांतर आणि मुलाच्या सहीचं एक पानाचं पत्र जोडा, त्यात काय झालं ते सरळ लिहा. पोलिसांनी कसा अन्याय केला याचं पुराण त्यात नको.

प्रश्न : मी गोंदिया जिल्ह्यातली. माझ्या नवऱ्यावर मारामारीची केस होती, २०१५ ला निर्दोष सुटले. आता पोलीस क्लिअरन्समध्ये जुनी केस दाखवून राहिली. एजंट म्हणतो ऐंशी हजार द्या, क्लिअर पीसीसी (पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट) आणून देतो, आणि पासपोर्ट त्यानं आपल्याजवळ ठेवून घेतलाय. द्यावे का पैसे?

उत्तर : ताई, एक रुपया देऊ नका. पीसीसीची सरकारी फी ५०० रुपये आहे, अर्ज पासपोर्ट सेवाच्या वेबसाईटवर स्वतः भरता येतो. जुनी केस दिसते कारण कोर्टाचा निकाल ठाण्याच्या रेकॉर्डला चढलेला नसतो, हे फार कॉमन आहे. निकालाची नक्कल घेऊन ठाण्यात आणि एसपी ऑफिसच्या पासपोर्ट शाखेत लेखी अर्ज द्या, पोच घ्या, नोंद दुरुस्त झाली की पीसीसीचा अर्ज करा. ई-कोर्ट्सच्या ॲपवर केस "निकाली" दिसत असेल तर त्याची प्रिंटही जोडा, ठाण्यातल्या मुन्शीला ती पटकन समजते.

पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे, कायद्याच्या कलम १७ मध्ये तसं लिहिलंय, एजंटला तो अडकवून ठेवायचा कोणताच हक्क नाही. आधी परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट वेबसाईटवर त्याचं नाव नोंदणीकृत एजंटांत आहे का ते पाहा. असेल तर त्याला सेवाशुल्क जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेता येते. नसेल तर बिनपरवाना भरती हाच १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली गुन्हा आहे. ठाण्यात पासपोर्टबद्दल लेखी तक्रार द्या आणि तिची एक प्रत मुंबईच्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सच्या (परदेशी कामाला जाणाऱ्यांचं हित पाहणारा सरकारी अधिकारी) ऑफिसला पाठवा. फोनवर त्यानं ऐंशी हजार मागितल्याचं रेकॉर्डिंग किंवा व्हॉट्सॲप मेसेज असेल तर तो डिलीट करू नका.