फौजेतून आलेल्या मुलाचं कॉलेज

प्रश्न : आमचा मुलगा हायस्कूल संपल्यावर कॉलेजला न जाता अमेरिकन आर्मीत गेला. चार वर्षं गाड्यांच्या दुरुस्तीचं काम केलं आणि गेल्या मे महिन्यात सन्मानाने बाहेर पडला. आता त्याला मेकॅनिकल इंजिनिअरिंग करायचंय. आम्ही एडिसनला राहतो. त्याचे बाबा म्हणतात, सरकार पैसे देतंय तर न्यूयॉर्कच्या नावाजलेल्या खासगी विद्यापीठातच जा. मुलगा म्हणतो, घरून ऑनलाइन शिकतो आणि गॅरेजमध्ये नोकरीही करतो. आमच्या ओळखीत या वाटेने कुणीच गेलेलं नाही, कुणाला विचारावं कळत नाही. शिवाय या वयात अठरा वर्षांच्या पोरांबरोबर बसणं त्याला जमेल का?
— एक आई, न्यू जर्सी

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचून आनंद झाला, कारण मुलाला शिकायचंय हे तो स्वतः म्हणतोय. मी एका सरकारी विद्यापीठात सर्टिफाइंग ऑफिसर आहे. फौजेतून आलेल्या विद्यार्थ्याने कोणते विषय घेतले, किती क्रेडिटचे घेतले (क्रेडिट म्हणजे विषयाचा भार मोजायचं एकक), हे व्हीएला, म्हणजे माजी सैनिकांच्या खात्याला, कळवणं हे माझं रोजचं काम. ते कळवल्याशिवाय फी येत नाही आणि घरभत्ताही येत नाही.

आधी पैशांचं. चार वर्षं सलग सेवा झाली असल्याने त्याला पोस्ट-९/११ जीआय बिल, म्हणजे माजी सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च उचलणारी सरकारी योजना, शंभर टक्के लागू होईल. त्यात ३६ महिन्यांच्या शिक्षणाचा खर्च मिळतो. सरकारी विद्यापीठात राज्यातल्या विद्यार्थ्याची जी फी असेल ती पूर्ण, आणि ती थेट विद्यापीठाकडे जाते. पुस्तकांना वर्षाला १,००० डॉलरपर्यंत. आणि घरभत्ता. खरी मेख इथेच आहे.

घरभत्ता मुलगा कुठे राहतो यावर ठरत नाही. ज्या कॅम्पसवर तो बहुतेक वर्गांना प्रत्यक्ष बसतो, त्या झिपकोडवर, म्हणजे तिथल्या पिनकोडवर, ठरतो. त्या भागात ई-५ हुद्द्याच्या, म्हणजे सार्जंटच्या पातळीच्या, कुटुंब असलेल्या सैनिकाला जेवढा भत्ता मिळतो तेवढा. म्हणजे तो तुमच्याकडेच राहिला, तुमच्या हातचं जेवला, तरी भत्ता पूर्ण. पण सगळे वर्ग ऑनलाइन घेतले, तर देशभराच्या सरासरीच्या निम्माच मिळतो. न्यू जर्सीसारख्या महागड्या राज्यात हा फरक मोठा आहे. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी कळकळीने सांगते, निदान एक तरी वर्ग कॅम्पसवर जाऊन कर. तसं केलं की सगळं ऑनलाइन धरलं जात नाही. तुमच्या मुलाचा विषय तर मेकॅनिकल. त्याच्या प्रयोगशाळा घरबसल्या होत नाहीत. रटगर्सचं इंजिनिअरिंग पिस्कॅटवेला आहे, तुमच्या अगदी शेजारी. नेवार्कला एनजेआयटी आहे. दोन्ही सरकारी विद्यापीठं.

नोकरीची हौस असेल तर जरूर करू दे, पण संध्याकाळची, थोड्या तासांची. अभ्यासाचा भार पूर्णवेळेच्या निम्मा किंवा त्याहून कमी झाला की घरभत्ता बंदच होतो. पदवीला साधारण १२ क्रेडिट म्हणजे पूर्णवेळ.

आता बाबांचं म्हणणं. खासगी विद्यापीठात व्हीए वर्षाला एका ठरावीक मर्यादेपर्यंतच फी देते. २०२५-२६ साठी ती २९,९२० डॉलरच्या आसपास आहे. नावाजलेल्या ठिकाणी फी याच्या दुपटीहून जास्त असते. वरच्या रकमेसाठी यलो रिबन नावाची सोय आहे. विद्यापीठ जेवढा वाटा उचलतं तेवढाच व्हीए घालते. पण काही विद्यापीठं मोजक्याच विद्यार्थ्यांना ती देतात, काही थोडीच रक्कम देतात, आणि एकाच विद्यापीठात कॉलेजगणिक आकडे बदलतात. त्यामुळे बाबांना सांगा, प्रवेशपत्र हातात आल्यावर ‘इंजिनिअरिंगला यलो रिबनच्या जागा किती आणि रक्कम किती’ एवढं लेखी विचारा. उत्तर चांगलं आलं तर न्यूयॉर्कला जरूर जाऊ दे. नुसत्या नावासाठी मात्र कर्ज काढू नका. माझं मत विचाराल तर मी रटगर्सच म्हणेन.

मला स्वतःला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती त्या ३६ महिन्यांची. फी स्वस्त असो वा महाग, महिने सारखेच कापले जातात. पूर्णवेळ शिकताना सत्राचे जितके दिवस, तितके दिवस खात्यातून जातात. सुट्टीत कापत नाहीत, पण सुट्टीत घरभत्ताही नसतो. इंजिनिअरिंगची सरळ चार वर्षं यात बसतात. बसत नाहीत ती चुकीच्या विषयांमुळे. चार वर्षं गणिताला हात न लावलेला मुलगा एकदम कॅल्क्युलसला बसतो, ऑक्टोबरमध्ये घाबरून विषय सोडतो, आणि मग व्हीएचं पत्र येतं की त्या विषयासाठी दिलेले पैसे परत करा. सहा क्रेडिटपर्यंत पहिल्यांदा माफी मिळते, ती एकदाच. म्हणून या उन्हाळ्यात त्याला बीजगणित आणि त्रिकोणमिती घरी घोटून घ्यायला सांगा. कोणत्या पातळीच्या गणितापासून सुरुवात करायची हे ठरवणारी प्लेसमेंट परीक्षा तयारीनेच द्यावी. एवढं केलं तरी एक अख्खं सत्र वाचतं.

फौजेतल्या कामाचे क्रेडिट मिळतात का, हे पुढे तो विचारेलच. जॉइंट सर्व्हिसेस ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे फौजेतल्या प्रशिक्षणाचा आणि कामाचा अधिकृत उतारा, मागवून विद्यापीठाला पाठवायचं. क्रेडिट मिळतात, पण इंजिनिअरिंगमध्ये ते बहुतेक ऐच्छिक विषयांच्या खात्यात पडतात, पदवीला फारसे उपयोगी पडत नाहीत. पदवीला न लागणाऱ्या विषयाचे पैसे व्हीए देत नाही, हेही त्याने लक्षात ठेवावं. आणि शेवटी महिने अपुरे पडलेच, तर विज्ञान-इंजिनिअरिंगवाल्यांसाठी एडिथ नोर्स रॉजर्स शिष्यवृत्ती आहे. त्यात आणखी नऊ महिन्यांपर्यंत किंवा ३०,००० डॉलरपर्यंत मदत मिळते. साठ क्रेडिट पूर्ण झाल्यावर अर्ज करता येतो.

पहिल्या सत्रात हात आखडता ठेवा. घरभत्ता महिना संपल्यावर येतो. सप्टेंबरमध्ये वर्ग सुरू झाले तर पैसे ऑक्टोबरच्या सुरुवातीला, आणि तेही जेवढे दिवस वर्ग झाले तेवढ्याचेच. दर महिन्याला ‘मी अजून शिकतोय’ अशी खातरजमा व्हीएला फोनवरच्या मेसेजवरून द्यावी लागते. लागोपाठ दोनदा ती राहिली की पैसे थांबतात. मुलं ऐन परीक्षेत हे विसरतात.

एक गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. फॅफ्सा, म्हणजे केंद्र सरकारच्या शैक्षणिक मदतीचा अर्ज, तरीही भरा. सैन्यातून आलेला विद्यार्थी त्यात स्वतंत्र धरला जातो, तुमचं दोघांचं उत्पन्न मोजलं जात नाही. पेल ग्रँट, म्हणजे कमी उत्पन्नाच्या विद्यार्थ्यांना मिळणारी सरकारी मदत, मिळाली तर ती जीआय बिलाच्या वर मिळते.

वयाचं म्हणाल, तर ताई, माझ्या टेबलासमोर तिशीतले, चाळिशीतले येतात. तुमचा मुलगा त्यांच्यात धाकटा. त्याच्यासारखे वेळेवर येतात, पहिल्या बाकावर बसतात, कळलं नाही तर तिथेच विचारतात. मला त्यांचा फार अभिमान वाटतो. चार वर्षं इंजिनं उघडून बसलेल्या मुलाला थर्मोडायनॅमिक्सचा धडा नुसत्या चित्रांवरून शिकावा लागत नाही. ‘लोक काय म्हणतील’ हा विचार त्याच्या डोक्यात घालू नका. नातेवाईक विचारतील तेव्हा ‘तो इंजिनिअरिंगला जातोय’ एवढं सरळ सांगा.

आता कामाला लागा. व्हीएच्या संकेतस्थळावर २२-१९९० क्रमांकाचा अर्ज त्याने स्वतः भरायचा, मग पात्रतेचं पत्र येतं. ते आणि डीडी-२१४ ची, म्हणजे फौजेतून सुटल्याच्या दाखल्याची, प्रत घेऊन विषय नोंदवायच्या आधी विद्यापीठाच्या माजी सैनिक कार्यालयात जायचं. तुम्ही सोबत जा, पण बोलू त्यालाच द्या. त्याच्या लेखी परवानगीशिवाय आम्हाला आईवडिलांशी त्याच्या खात्याबद्दल बोलता येत नाही.