बोलणं ब्लॉकचेनवर टाकायचं का?

प्रश्न: आम्ही नागपूरला इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहोत, काटोलकडच्या संत्रा बागायतदारांसाठी ॲप बनवतोय. आंबिया बहार झाडावर असतानाच व्यापारी बोली लावतो आणि इसाराचे पैसे इथेरियम या ब्लॉकचेनवरच्या स्मार्ट कॉन्ट्रॅक्टमध्ये (ठरलेल्या अटींवर आपोआप चालणाऱ्या प्रोग्राममध्ये) राहतात. दोघांचं बोलणंही ब्लॉकचेनवरच ठेवावं असं ग्रुपमधले अर्धे म्हणतात, बाकीचे म्हणतात व्हॉट्सॲप आहे ना. काय करावं?
एक वाचक, त्रिमूर्ती नगर, नागपूर

उत्तर: ब्लॉकचेनवर अजिबात नको. तिथलं कोणालाही दिसतं, पुसता येत नाही, वर प्रत्येक मेसेजला गॅस फी, म्हणजे नेटवर्क वापरायचे पैसे. एन्क्रिप्ट करून टाकू म्हणाल, तर उद्या एकाची चावी (मजकूर उलगडणारा गुप्त आकडा) फुटली की जुनं सगळं बोलणं उघडं, कारण ते तिथंच पडलेलं असणार.

व्हॉट्सॲपवर 2016 पासून मजकूर एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड आहे, म्हणजे बोलणाऱ्यांनाच वाचता येतो, पण खातं मोबाईल नंबरला बांधलेलं आणि कोण कोणाशी कधी बोललं हे मधल्या सर्व्हरला कळू शकतं. तुमच्या धंद्यात खरी गोम तीच आहे. भाव नाही फुटला तरी, अमुक बागवाला दोन दिवसांपासून दुसऱ्याच व्यापाऱ्याशी बोलतोय एवढं जरी कळमना मार्केटमधल्या एखाद्याला समजलं ना, तर तो बोली त्या हिशोबानंच लावेल.

इथेरियमवाल्यांना ही गरज आधीच दिसली होती. इथेरियमच्या संस्थापकांपैकी एक गॅविन वुड यांनी 2014 मध्ये नव्या इंटरनेटचं जे चित्र मांडलं त्यात निरोपांसाठी व्हिस्पर हा वेगळा भाग होता. निरोप सगळ्या नोड्सकडे (नेटवर्कला जोडलेल्या संगणक-फोनांकडे) जायचा, ज्याच्याकडे चावी त्यालाच उघडायचा, त्यामुळे कोणासाठी आहे ते बाहेरच्याला कळणं अवघड. पण सगळ्यांचं ओझं प्रत्येकाच्या फोनवर, आणि स्पॅम नको म्हणून पाठवताना प्रूफ ऑफ वर्क (मुद्दाम करायला लावलेली जड आकडेमोड), म्हणजे बॅटरी गेलीच. स्टेटस या मेसेजिंग ॲपच्या टीमनं ते वापरून पाहिलं आणि त्यातूनच पुढे वाकू ही निरोप पाठवायची नवी व्यवस्था आली. माझ्या मते तुम्ही तेच बघा.

वाकूत निरोप सर्व्हरशिवाय नोडकडून नोडकडे जातात. साधा फोन फिल्टर वापरून फक्त आपल्या टॉपिकचे (निरोपावरच्या विषयाच्या लेबलचे) निरोप मागतो, फोन बंद होता तर निरोप साठवणाऱ्या स्टोअर नोडकडून जुने घेतो. इथं मात्र जपून, कारण त्या नोडला तुमचा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) आणि टॉपिक दोन्ही दिसतात. म्हणून प्रत्येक बागेला वेगळा टॉपिक देऊ नका, नाहीतर मजकूर बंद राहूनही कोणत्या बागेवर हालचाल आहे ते उघड होईल. भरपूर बागा एकाच टॉपिकमध्ये टाका, आपला निरोप फोन चावीनं ओळखेल.

स्पॅमचं काय, तर त्यासाठी वाकूत आरएलएन (रेट लिमिटिंग नलिफायर) ही पद्धत आहे आणि मला ते फार आवडतं. ठरलेल्या वेळात ठरलेल्या मर्यादेतच निरोप पाठवता येतात, आणि तुम्ही सदस्य आहात हे झिरो-नॉलेज प्रूफनं सिद्ध होतं, कोण आहात ते न सांगता. प्रत्येक निरोपासोबत तुमच्या गुप्त चावीचा एक तुकडा जातो, एकट्या तुकड्यातून काहीच कळत नाही, पण मर्यादा ओलांडली की तुकडे जुळून चावीच बाहेर येते आणि तुम्हाला गटातून बाहेर काढता येतं. मोबाईल नंबर लागत नाही.

कॉन्ट्रॅक्टवर फक्त इसार आणि बोलीचा हॅश (आकड्यावरून काढलेला, उलटा न फिरवता येणारा ठसा) ठेवा. नुसत्या रकमेचा हॅश मात्र नको, एक ते वीस लाखांमधला प्रत्येक आकडा लॅपटॉप काही सेकंदांत तपासून बोली शोधून काढेल. रकमेला एक लांब रँडम आकडा जोडून मगच हॅश करा, आणि तो आकडा बोली उघडायच्या दिवसापर्यंत व्यापाऱ्याच्या फोनमध्येच राहू द्या.