प्रसादाला ‘नको’ म्हटलं तर?

प्रिय मनू,

तू विचारलंस, ‘शनिवारी संध्याकाळी गणपतीच्या आरतीला मैत्रिणींना बोलावतेय. एक मुसलमान, एक जैन, एक ज्यू आणि एक नागपूरची, म्हणजे आपलीच. कुणी प्रसाद नको म्हणाली तर आपल्यासारखा आग्रह करायचा ना?’

नाही करायचा. आपल्या पंगतीत पहिला ‘नको’ भिडेचा असतो, म्हणून वाढणारा पुन्हा विचारतो. बाकीच्यांचा ‘नको’ बहुतेक वेळा नकोच असतो. त्यातून नैवेद्याचं अन्न म्हणजे नुसतं अन्न नव्हे. देवाला दाखवलेलं खायचं नाही हे पुष्कळ मुसलमान आणि ज्यू काटेकोर पाळतात, काही ख्रिस्तीही पाळतात. म्हणून ताटाभोवती पाणी फिरवायच्या आधीच दहा-बारा मोदक वेगळ्या डब्यात काढून ठेव आणि ‘हे नैवेद्याचे, हे साधे’ असं सरळ सांग. न सांगता नैवेद्यातलाच मोदक हातात ठेवणं ही चक्क फसवणूक आहे, मग भाव कितीही चांगला असो.

आधी वेळ बदल. शनिवार संध्याकाळ दोघींना अडचणीची आहे. शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, काटेकोर पाळणारी ज्यू मुलगी शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत गाडीत बसत नाही. जैन मैत्रीण रात्रीभोजन करत नसेल तर सूर्यास्तानंतर खाणार नाही. गणपती रविवारीही घरात आहेच, तेव्हा रविवारी दुपारी तीनला बोलाव. अस्रच्या, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजाची वेळ मध्ये आली तर मूर्ती-चित्रं नसलेली एक स्वच्छ खोली दहा मिनिटं मोकळी ठेव.

जैन मैत्रिणीला मोदक चालतील, पण बटाट्याची भाजी, कांदा, लसूण, आलं नाही. शिवाय हे पर्युषणाचे, म्हणजे जैनांच्या उपवासाच्या पर्वाचे दिवस. श्वेतांबरांचं पर्युषण गणेश चतुर्थीच्या आसपास संपतं, दिगंबरांचं दशलक्षण पर्व भाद्रपद शुद्ध पंचमीला सुरू होऊन अनंत चतुर्दशीपर्यंत चालतं. तिचा उपवास असेल तर ती फक्त उकळून घेतलेलं पाणी पिईल, तेही दिवसाउजेडी. ‘थोडं तरी खा’ हे वाक्य तिथे गिळून टाक. ज्यू मैत्रिणीसाठी नैवेद्यात न ठेवलेली, न चिरलेली फळं आणि कागदी ताटली ठेव. ती कोशर, म्हणजे ज्यूंचे आहारनियम, पाळत असेल तर अडचण पदार्थांइतकीच आपल्या भांड्यांची आणि सुरीचीही असते.

आता नागपूरची मैत्रीण. मराठी आहे म्हणजे आरती येणारच, असं तू गृहीत धरलंयस. तिचं घर बौद्ध असेल तर? १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अनुयायांना धम्मदीक्षा दिली. त्या वेळच्या २२ प्रतिज्ञांमध्ये गौरी, गणपतीला देव मानणार नाही, त्यांची उपासना करणार नाही, अशी स्पष्ट प्रतिज्ञा आहे. काही बौद्ध घरांतली माणसं शेजाऱ्यांच्या गणपतीला आनंदाने जातात, काही मुळीच जात नाहीत. ‘अगं, आपलाच बाप्पा’ असं म्हणून तिला ओढू नकोस. ती नाही आली तर दुसऱ्या कुठल्याही दिवशी जेवायला बोलाव.

चौघींनाही निमंत्रणातच लिही: मूर्ती असेल, वीस मिनिटं आरती होईल, मग खाणं, आरतीनंतर आलात तरी चालेल. म्हणजे ज्यांना मूर्तीसमोर थांबायचं नाही त्यांना दारात कारणं शोधावी लागणार नाहीत.

आणखी एक. आरती संपली की आपण तबक प्रत्येकापुढे फिरवतो. ते समोर आलं की न घेणारीला सगळ्यांदेखत हात मागे घ्यावा लागतो. म्हणून तबक मूर्तीशेजारी टेबलावरच ठेव; जिला घ्यायची ती पुढे येऊन घेईल. कुंकवाचा करंडाही तिथेच राहू दे, कपाळाला बोट लावायला जाऊ नकोस. टाळ मात्र कुणी मागितले तर जरूर दे.

तबकाखाली जाड लाकडी पाट घे, निरांजन बराच वेळ तापतं आणि ते टेबल घरमालकाचं आहे.

– आई