आधी टीबी सांगितला, आता सारकॉइडोसिस म्हणतात. कुणाला अनुभव आहे का?

आहे. इंदुरात माझंही असंच झालं. कोरडा खोकला, जिना चढताना धाप, एक्स-रेत छातीतल्या गाठी सुजलेल्या. थुंकीत जंतू सापडले नाहीत, तरी चार महिने टीबीच्या गोळ्या चालल्या. घरात माझी कपबशी वेगळी, ओळखू यावी म्हणून कपाच्या कानाला लाल दोरा. तो दोरा अजून डोळ्यांसमोर येतो. सारकॉइडोसिस एकाचा दुसऱ्याला लागत नाही, हे घरच्यांना आजच सांगा.

यात प्रतिकारशक्तीच बिथरते आणि फुफ्फुसात, गाठींत सुजेचे बारीक दाणे धरतात. टीबीतही दाणे होतात, म्हणून हा घोटाळा. माझं निदान दुर्बिणीतून गाठीचा तुकडा काढून तपासल्यावर झालं. तुमची बायोप्सी झाली का? स्टेरॉइड सुरू करण्याआधी टीबी नाही याची खात्री करून घ्या.

पुष्कळांना औषध लागतही नाही, नुसती नजर ठेवतात. मला प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड लागलं, डोस हळूहळू उतरवत वर्षभर. बरं वाटलं तरी मनानं बंद करू नका, आणि साखर तपासत राहा. दिसायला त्रास नसला तरी डोळे दाखवा, आजार तिथेही शिरतो.

एक गोष्ट फार कमी लोक सांगतात: व्हिटॅमिन डीची पाकिटं कुणाच्या सांगण्यावरून दुधात घालून घेऊ नका. हे दाणे स्वतःच त्याचं क्रियाशील रूप बनवतात, त्यानं रक्तातलं कॅल्शियम वाढू शकतं. डॉक्टरांना विचारूनच घ्या.

आता मी रोज सकाळी पिपल्यापाला पार्कात तीन फेऱ्या मारतो, न थांबता.