सोप्रानो गायिकेची कारकीर्द चाळिशीत संपते का?

प्रश्न असा आहे: भाची पंधरा वर्षांची, आवाज छान वर चढतो, म्हणून ऑपेरा (पाश्चात्य संगीत नाटक) शिकायचं म्हणते. पण सोप्रानोंचा, म्हणजे सगळ्यात उंच स्वरांत गाणाऱ्या बायकांचा, गळा चाळिशीत जातो असं ऐकलंय. खरं का?

काहींचा जातो, काहींचा साठीपर्यंत शाबूत राहतो. नशिबाचा भाग असतोच, पण कुठल्या भूमिकेला ‘नाही’ म्हटलं यावर बरंच अवलंबून असतं.

मी स्वतः ऑपेरा गात नाही. सात-आठ वर्षं ख्याल शिकले आणि नोकरीनिमित्त न्यूयॉर्कजवळ होते तेव्हा तिथल्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा या नाट्यगृहात मागे उभं राहायचं स्वस्त तिकीट काढून मिळेल ते ऐकलं. पहिल्या दिवशी माईक कुठे लपवलाय तेच शोधत होते. नव्हताच. सुमारे ३,८०० खुर्च्या, पुढ्यात सत्तर-ऐंशी वादक, आणि गाणाऱ्या बाईंचा हलका सूरसुद्धा माझ्यापर्यंत शेवटच्या भिंतीला येऊन टेकत होता.

आपल्याकडे गायिका आपली पट्टी आपण ठरवते. वय झालं की काळी चारवरून काळी तीनवर येते, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. ऑपेरात ही सोय सहसा नाही. इटालियन संगीतकार व्हेर्दीने तारसप्तकातला ‘सी’ हा सूर लिहून ठेवलाय, तो पंचविशीत जिथे लावायचा तिथेच पंचावन्नाव्या वर्षीही लावायचा. त्याच्याच ‘आइडा’ या ऑपेराच्या तिसऱ्या अंकात नाईलच्या काठी नायिका मायदेशाची आठवण काढते, तिथे तर तो हळुवार लावायचाय. ओरडून वर जाणं त्या मानाने सोपं.

आता अमेरिकेच्या काळ्या सोप्रानो लिओंटिन प्राइस यांचं बघा. जन्म १९२७, अमेरिकेतल्या मिसिसिपीमधलं लॉरेल गाव, वडील लाकडाच्या गिरणीत, आई सुईण. काळ्या माणसांना तिथे कसं वागवत ते सांगायला नको. १९५५ मध्ये त्या टीव्हीवर पुच्चीनी या इटालियन संगीतकाराचा ‘टोस्का’ हा ऑपेरा गायल्या तेव्हा दक्षिणेतल्या काही केंद्रांनी कार्यक्रम दाखवलाच नाही. पुढे मेट्रोपॉलिटनने ‘आइडा’साठी विचारलं. आइडा ही इथिओपियाची राजकन्या, पण इजिप्तमध्ये गुलाम. काळ्या गायिकेने त्या मंचावर पहिलं पाऊल गुलाम म्हणून टाकू नये, असा सल्ला मिळाला आणि बाईंनी नकार दिला. २७ जानेवारी १९६१ ला व्हेर्दीच्याच ‘इल त्रोवातोरे’ या ऑपेरामधली उमरावकन्या होऊन त्या तिथे आल्या. वय ३३. शेवटी टाळ्या चाळीसेक मिनिटं चालल्याचं सांगतात. मध्यंतरी त्या व्हिएन्ना आणि मिलानला आइडा गाऊन आल्या होत्या, म्हणजे भूमिकेशी वैर नव्हतं.

आणि त्याच वर्षी चूकही झाली! नव्या हंगामाच्या पहिल्या प्रयोगाचा मान म्हणून पुच्चीनीच्या ‘फांचुल्ला देल वेस्ट’ या ऑपेरातली नायिका घेतली. वाद्यवृंदावर मात करत गावी लागणारी ही दांडगी भूमिका. दुसऱ्याच प्रयोगात दुसऱ्या अंकात गळा बसला. बाईंनी उरलेल्या ओळी बोलून अंक निभावला, तिसरा अंक दुसऱ्या गायिकेने गायला. पुढे थोडे प्रयोग केले, मग बरेच रद्द करून रोमला विश्रांती. मला त्यांच्या कारकिर्दीतला हा सगळ्यात महत्त्वाचा प्रसंग वाटतो, टाळ्यांपेक्षा. गवयांत म्हणतात ना, व्याजावर गावं, मुद्दलाला हात लावू नये. सत्तरच्या दशकात तर त्यांनी ऑपेरा कमी करून नुसत्या पियानोच्या साथीच्या मैफली वाढवल्या.

ऑपेराचा निरोप घेतला ३ जानेवारी १९८५ ला, ‘आइडा’नेच, ५७ व्या वर्षी. चित्रफीत जरूर बघा. नाईलकाठचं गाणं संपतं, टाळ्या थांबत नाहीत, आणि बाई भूमिका न सोडता तशाच उभ्या. चेहरा मात्र हळूहळू हलायला लागतो. मैफली १९९७ पर्यंत चालल्या. २००१ मध्ये, ११ सप्टेंबरच्या हल्ल्यातल्या मृतांसाठी, ७४ व्या वर्षी त्या न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये पुन्हा उभ्या राहिल्या.

भाचीबद्दल म्हणाल तर पंधराव्या वर्षी आवाज ‘चढतो’ यावरून फारसं काही ठरत नाही. खरा पोत बऱ्याचदा पंचविशीच्या आसपास कळतो. तोवर दम, स्वरस्थान, इटालियन-जर्मनचे उच्चार आणि लहान लहान गाणी. शिक्षक मिळायचीच पंचाईत, हे मान्य. पण मुंबईत जन्मलेल्या आणि लंडनला नाव कमावलेल्या सोप्रानो पॅट्रिशिया रोझारिओ यांनी २००९ च्या सुमारास इथल्या मुलांना शिकवायला सुरुवात केली. त्यांच्या शिष्यवर्गापैकी कुणी तुमच्या शहरात आहे का ते बघा. आणि कुठल्याही शिक्षकाने पहिल्याच वर्षी ‘टोस्का’सारखी भारी भूमिका हातात दिली, तर फी परत मागा.