तुम्ही विचारलंत: माणूस गेल्यावरचं पहिलं वर्ष

भाद्रपद जवळ आला की या सदराच्या पत्रांचा सूर बदलतो. एरवी सासू-सून, पोरांचा मोबाईल, फ्लॅटची वाटणी असलं सगळं येतं आणि मग एकदम "आमची आई फेब्रुवारीत गेली" अशी सुरुवात असलेली पत्रं यायला लागतात. यंदा अशीच थोडी निवडलीयेत. पत्रं लांब होती, कापलीयेत, नावं काढलीयेत. गुरुजींना विचारायचे प्रश्न मला विचारू नका असं दरवर्षी लिहिते आणि दरवर्षी तेच येतात, त्यामुळे आता सोडून दिलंय.

ताई, सासऱ्यांच्या दहाव्याला ओंकारेश्वरला कावळा शिवलाच नाही. दीड तास उभे होतो. मोठे दीर म्हणाले, धाकटीच्या लग्नाचं बघतो, नणंद म्हणाली, आईला एकटं सोडणार नाही, तरी नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला. तेव्हापासून घरात एकच चर्चा, अण्णांचं काय राहिलं? सासूबाई तर रोज नवीन काहीतरी आठवून रडतात. — पुणे

आधी साधी गोष्ट. पुण्यात ओंकारेश्वर, नाशकात रामकुंड, मुंबईत बाणगंगा, या ठिकाणी सकाळपासून पिंडावर पिंड मांडलेले असतात. तिथला कावळा अकरा वाजेपर्यंत तुडुंब झालेला असतो हो, त्याला तुमच्या अण्णांच्या भाताची ओढ कुठून असणार. आणि दर्भाचा कावळा ही काही तुमच्या गुरुजींनी वेळ मारून न्यायला काढलेली पळवाट नाहीये, कावळा येत नाही हे पूर्वीपासून होत आलंय म्हणून तर ती सोय आहे. म्हणजे विधी पूर्ण झालेला आहे, अर्धवट नाही.

पण मला त्या दीड तासातलं दुसरंच महत्त्वाचं वाटतं. दीर लग्नाचं बोलले, नणंद आईचं बोलली, चार लोकांसमोर, मोठ्याने. एरवी आपल्या घरांत ही वाक्यं कुणी कुणाला तोंडावर म्हणत नाही. कावळ्याने ऐकलं नसेल, सासूबाईंनी ऐकलंय ना? मग आता दिरांना म्हणावं, धाकटीच्या लग्नाचं कुठवर आलं ते दर महिन्याला आईजवळ बसून सांगा. आणि सासूबाई नवीन काहीतरी आठवून रडतात तर त्यांना थांबवू नका, पण "काय राहिलं" याऐवजी "काय काय झालं" हेही विचारा, अण्णांनी घर कसं बांधलं, पहिली स्कूटर कधी घेतली, बायका एकदा बोलायला लागल्या की रात्रीचे बारा वाजवतात.

बाबा जाऊन दोन महिने झाले. त्यांचा फोन कपाटात चार्ज करून ठेवलाय. भाऊ म्हणतो सिम बंद करू, उगाच रिचार्ज कशाला. आई रोज दुपारी त्या नंबरवर फोन लावते, कपाटात रिंग वाजते, ती ऐकते आणि ठेवते. मी बाबांचे व्हॉइस मेसेज ऐकते. भाऊ म्हणतो तुम्ही दोघी वेड्या झालात. — औरंगाबाद (आता संभाजीनगर, पण बाबा औरंगाबादच म्हणायचे)

वेड्या नाही झालात. भावाला सांगा, एका दिवसाला जेवढा चहा होतो तेवढ्यात महिन्याचा रिचार्ज निघत असेल तर दोन माणसांना एवढं स्वस्त काहीही मिळत नाही.

पण भावाचंही एक बरोबर आहे, हे कायम असंच चालणार नाही, म्हणून कामं उरकून घ्या आणि ती भावालाच करायला लावा, त्यालाही हाताला काम हवंय, म्हणून तो सिम-सिम करतोय असं मला वाटतं. प्रीपेड नंबर नव्वद दिवस अजिबात वापरला नाही आणि त्यात बॅलन्सही नसला तर कंपनी तो बंद करू शकते. मग काही महिन्यांनी तोच नंबर दुसऱ्या कुणाला जातो. आणि मग एक दिवस आई फोन लावते आणि पलीकडून कुणीतरी "कोण बोलतंय?" म्हणतं, किंवा बाबांच्या नावापुढे गॉगलवाल्या पोराचा डीपी दिसतो. हा धक्का वाईट असतो. व्हॉट्सॲपचंही तसंच, साधारण एकशेवीस दिवस वापर नसला की ते अकाउंट काढून टाकतात, ग्रुपमध्ये "लेफ्ट" असं दिसतं आणि नातेवाईक हळहळतात.

म्हणून आजच करायचं ते हे. तुमच्या फोनवर बाबांचं चॅट उघडा, वरच्या तीन टिंबांत जाऊन एक्स्पोर्ट चॅट करा, मीडियासकट. व्हॉइस मेसेजच्या फाइली वेगळ्या येतात, त्या ओपस प्रकारच्या असतात, सगळ्या प्लेयरवर वाजत नाहीत, म्हणून त्यांची एमपीथ्री करून ठेवायला भावाला सांगा. एक कॉपी पेनड्राइव्हवर, एक दुसऱ्या कुणाच्या घरी. आणि नुसते तुमचे नाही, आत्याकडे, काकांकडे, बाबांच्या मित्रांकडे असतील ते पण मागून घ्या. लोक फोन बदलतात, स्टोरेज फुल झालं म्हणून मीडिया उडवतात, त्यामुळे आत्ता मागितलं तर मिळेल, वर्षाने मिळेलच असं नाही. बाबांच्या जीमेलला फोटो असतील तर तेही उतरवून घ्या, दोन वर्षं कुणी हात लावला नाही तर गुगल अकाउंट काढून टाकू शकतं. फेसबुकवर असतील तर प्रोफाइल मेमोरियल करून घेता येतं, मग नावापुढे रिमेंबरिंग येतं आणि दरवर्षी "यांचा आज वाढदिवस आहे, विश करा" अशी नोटिफिकेशन सगळ्यांना जात नाही. त्या नोटिफिकेशनवर "हॅपी बर्थडे, पार्टी कुठे" लिहिणारा एक तरी महाभाग प्रत्येक गावात असतोच.

बँक, विमा, गॅस, जिथे जिथे हा नंबर दिलाय तिथली कामं संपेपर्यंत सिम बंद करूच नका, ओटीपी त्यावर येतात. पण फोन हातात आहे म्हणून बाबांच्या खात्यातून यूपीआयने पैसे काढत बसू नका हं, बँकेत मृत्यूचा दाखला देऊन नॉमिनीच्या नावाने रीतसर क्लेम करा.

आई फोन लावते ते लावू दे. तिचं ती थांबवेल. फक्त कपाटातला फोन कधी बंद पडू देऊ नका.

सासूबाई ज्येष्ठात गेल्या. यंदा दिवाळी नाही हे ठरलंय. पण माझी मुलगी सहा वर्षांची आहे, तिने आजीला घरी नेऊन दाखवायचं म्हणून शाळेत कंदिलाचं चित्र काढलं आणि आता विचारते आपला कंदील कधी लावायचा. चुलत सासूबाईंनी स्पष्ट सांगितलं, दारात लाइट दिसला तर लोक नावं ठेवतील. सासरे काहीच बोलत नाहीत. — कराड

वर्षभर सण करायचा नाही ही आपल्याकडची रीत मला मुळीच वाईट वाटत नाही, उलट शहाणपणाची वाटते. ज्या घरात माणूस गेलंय त्या घरावर आनंदी दिसायची जबरदस्ती नको, म्हणून ती आहे. म्हणूनच पहिल्या दिवाळीला त्या घरी फराळ तळत नाहीत, शेजारचे, नातेवाईक डबे आणून देतात, बसतात, चहा घेतात, गेलेल्या माणसाबद्दल बोलतात. ते डबे घ्या, नाही म्हणू नका. पण याच रीतीत आपण किती सवलती घेतलेल्या आहेत तेही बघा की, सपिंडी, म्हणजे गेलेल्या माणसाला पितरांत मिळवायचा विधी, खरं तर वर्षाने करायची, ती आपण बाराव्या दिवशीच उरकतो, घरात लग्न ठरलेलं असलं की वर्षश्राद्ध आधी करून मोकळे होतो. मोठ्यांच्या सोयीसाठी शास्त्र वाकतं, मग सहा वर्षांच्या पोरीसाठी का नाही वाकणार.

आणि गंमत सांगू का, चुलत सासूबाईंना सांगायला तुमच्याकडे चांगला मुद्दा आहे. आकाशदिवा कार्तिकात उंचावर टांगायचा तो पितरांना वाट दिसावी म्हणून, अशी जुनी समजूत आहे. धनत्रयोदशीला कणकेचा दिवा करून दक्षिणेकडे तोंड करून ठेवतात तो तर सरळ सरळ यमासाठी असतो. म्हणजे दुःखाच्या घरात त्या दिवसांत दिवा असूच नये असं कुठे आहे? लाइटच्या माळा नको, फटाके नको, नवे कपडे नको, रांगोळी नको, मान्य. एक कंदील चालेल.

पण तो बाजारातून आणू नका. सासरे काही बोलत नाहीत म्हणता, तर त्यांच्यापुढे बांबूच्या काड्या, पतंगाचा कागद आणि खळ ठेवा आणि नातीला शेजारी बसवा. त्या पिढीतल्या बऱ्याच पुरुषांना षटकोनी कंदील बांधता येतो, बोलता येत नाही. कुठल्या रंगाचा करायचा ते त्यांना विचारा, आजीला कुठला आवडायचा असं. ते नको म्हणाले तर मात्र नको, हा निर्णय चुलत सासूबाईंचा नाही तसा माझाही नाही, ज्यांची बायको गेलीये त्यांचा आहे. मग पोरीचा कंदील आतल्या खोलीत, आजीच्या फोटोजवळ लावा, तिथे लोक बघायला येत नाहीत.

वडिलांचं वर्षश्राद्ध आहे. भाऊबंद म्हणतात तू मोठा, दोन शब्द बोल. सगळे म्हणणार देवमाणूस होते. बाबा मोटार रिवाइंडिंग करायचे, नुसत्या आवाजावरून सांगायचे कुठलं बेअरिंग गेलंय, तालुक्यातून लोक यायचे. पण प्यायचे. आई पैसे तांदळाच्या डब्यात लपवायची, ते तिथूनही काढायचे. मी काय बोलू? — सांगली जिल्हा

मोटारचं बोला. अगदी सविस्तर बोला, कान कसा लावायचे, हात कसे काळे असायचे, कुणाची मोटार रात्री अकराला दुरुस्त करून दिली आणि त्या माणसाचं पाणी वाचलं. देवमाणूस हा शब्द तुम्ही वापरू नका, दुसऱ्यांनी वापरला तर खोडूही नका. गेलेल्याबद्दल वाईट बोलू नये हा नियम मांडवातला आहे, घरातला नाही.

तांदळाचा डबा घरासाठी ठेवा. आई आहे ना अजून? कार्यक्रम झाल्यावर, पाहुणे गेल्यावर तिच्याजवळ बसून एकदा म्हणा, मला सगळं माहीत होतं. वर्षभर तिलाही लोकांपुढे देवमाणसाची बायको होऊन बसावं लागलंय. आणि तुम्हाला बाबांची आठवण येते आणि रागही येतो, एकाच दिवसात दोन्ही येतं, यात दुरुस्त करण्यासारखं काही नाहीये. राग यायचा बंद झाला तरच आठवण खरी असं कुणी सांगितलं तर त्याच्याकडे लक्ष देऊ नका. तुमची मुलं मोठी झाली की त्यांनाही दोन्ही सांगा, मोटारही आणि डबाही, नाहीतर त्यांना आजोबा म्हणून नुसता हार घातलेला फोटो मिळेल.

आई कोल्हापूरला गेली, मी न्यू जर्सीत. तिसऱ्या दिवशीचं रक्षाविसर्जन व्हिडिओ कॉलवर बघितलं, ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून. आता वर्ष होईल. ताईकडे तिथीने करतायत, माझ्या डोक्यात तारीख आहे. इथे मी काय करू? — न्यू जर्सी

दोन्ही दिवस धरा. तिथी दरवर्षी इंग्रजी तारखेपासून दहा-अकरा दिवस मागे सरकते, मध्ये अधिक महिना आला की एकदम पुढे उडी मारते, त्यामुळे वर्षाला दोनदा आई, चाललंय की. निम्म्या महाराष्ट्रात असंच असतं, तिथीला पान वाढतात आणि तारखेला व्हॉट्सॲपला स्टेटस ठेवतात.

तिथीच्या दिवशी सुट्टी टाका, आधीच सांगून ठेवा, यावेळी पार्किंगमध्ये नको. आई करायची त्यातलं एक काहीतरी स्वतःच्या हाताने करा, डाळ-तांदूळ, डबाबंद वस्तू असा एका माणसाचा महिन्याचा शिधा जवळच्या फूड पँट्रीत, म्हणजे गरजूंना फुकट शिधा मिळतो तिथे, नेऊन द्या. ताईकडून पान वाढतानाचा फोटो मागवू नका, तिला फोन करा, आणि तिने शेवटचे दिवस कसे काढले ते तिचं तिला सांगू दे. तिकडे असणाऱ्यांना न पोचल्याचं दुःख असतं, इकडे असणाऱ्यांना सगळं एकटीने केल्याचं असतं, आणि ते विचारायला कुणाचा फोन येत नाही.

आईने मे महिन्यात कैरीचं लोणचं घातलं आणि जुलैत गेली. अर्धी बरणी शिल्लक आहे. वहिनी वाढायला काढते, मला बघवत नाही, संपलं की संपलं. मी बरणी माझ्या खोलीत आणून ठेवलीय, त्यावरून घरात अबोला. — रत्नागिरी

बरणी स्वयंपाकघरात नेऊन ठेवा बघू. लोणचं खोलीत कोंडून राहत नाही, तेल खाली गेलं की वरच्या फोडींना बुरशी धरते आणि मग आईच्या हातचं लोणचं तुम्हालाच उकिरड्यावर टाकावं लागेल. एक छोटी काचेची बाटली तुमची म्हणून भरून घ्या, वहिनीला सांगून, बाकीचं सगळ्यांनी खायचं.

आणि वहिनीशी अबोला धरू नका, कारण आई मोहरी किती घ्यायची, मेथी तळून की भाजून, मीठ अंदाजाने की वाटीने, हे बघितलेलं माणूस बहुतेक तीच आहे. मावशी असेल तर तिलाही विचारा, दोघींचं जुळणार नाही, भांडतील, दोन्ही लिहून घ्या. पुढच्या मे महिन्यात दोन्ही पद्धतींनी थोडं थोडं घाला. तोवर आहे त्या बरणीत कोरडाच चमचा घालायचा, आणि फोडी उघड्या पडल्या असतील तर तेल कडकडीत तापवून पूर्ण गार करून वरून ओता. गरम ओतू नका.