उंदरांच्या बिळात सापडलेले काळे भुंगेरे कॅराबिडी कुळातले आहेत हे कसे ओळखावे?

बांधावरची उंदरांची बिळे खणताना निघालेल्या काळ्या, चपळ भुंगेऱ्यांचे छायाचित्र देऊन आपण विचारले आहे की हे कॅराबिडी (जमिनीवर धावणाऱ्या, बहुतांशी शिकारी भुंगेऱ्यांच्या) कुळातले आहेत का, आणि असल्यास कोणत्या जातीचे. नुसत्या पाठीच्या छायाचित्रावरून मी कुळसुद्धा खात्रीने सांगणार नाही, कारण बिळांच्या आसऱ्याला टेनेब्रिओनिडी कुळातले काळे भुंगेरेही येतात आणि वरून पाहता त्यांच्यात सहज गल्लत होते.

नमुना उताणा करून दहापट भिंगाखाली धरावा. मागच्या पायांची बुडाची रुंद पेरे पोटाच्या पहिल्या दिसणाऱ्या पट्टीला मधोमध दुभागून मागे गेलेली दिसली, तर आपण बरोबर वाटेवर आहात. त्यानंतर पावलांची पेरे मोजावीत. कॅराबिडींच्या सहाही पायांना पाच-पाच असतात, तर टेनेब्रिओनिडींच्या मागच्या पायांना चारच. बिळातल्या नमुन्यावर माती घट्ट बसलेली असते, म्हणून मऊ कुंचल्याने पाय धुतल्याशिवाय मोजणी करू नये. मी स्वतः एकदा असा घोटाळा केला आहे. पुढच्या पायाच्या नळीवर आतल्या बाजूला केसाळ खाच असेल, जिच्यातून हा कीटक आपल्या शृंगिका (डोक्यावरच्या मिशा) ओढून साफ करतो, तर शंका उरत नाही.

बीळ हा ओळखीचा पुरावा नव्हे, फार तर सूचना. मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशातील टॅफोक्सेनस प्रजातीचे (म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचे) भुंगेरे कृंतकांच्या, म्हणजे उंदरांसारख्या कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या, बिळांत खरोखर वस्ती करतात, युरोपातला लीमोस्टेनस टेरिकोला सशांच्या बिळांत तसाच तळघरांतही आढळतो (ससा कृंतक नाही, पण भुंगेऱ्याला त्याचे काय!). आपल्याकडे मात्र दिवसाच्या उन्हापासून लपायला आलेला पाहुणाही बिळात सापडू शकतो. काळ्या पाठीवर सहा पांढरे ठिपके असलेला मोठा अँथिया सेक्सगुटाटा भिंगाशिवाय ओळखता येतो, पण तो तोंडाजवळ नेऊ नये. तो फॉर्मिक आम्लाचा फवारा मारतो.

जातीपर्यंत पोहोचण्यासाठी बहुधा नराची जननेंद्रिये तपासावी लागतात. भारतीय कॅराबिडींवरील आन्ड्र्यूज यांचे १९२९ व १९३५ चे खंड उपयोगी आहेत, पण त्यांत सगळे गट आलेले नाहीत. नमुना ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवून तारीख, गाव, बिळाची खोली आणि बीळ कोणत्या प्राण्याचे होते ते चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहावे, कारण शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. पोटाकडून आणि पावलांचे जवळून घेतलेले छायाचित्र टाकल्यास मी पुन्हा पाहीन.